लोकवळणाच्या बँडमध्ये सिंथ आणताना: आधी काढा, मग घाला

दोन अकूस्टिक गिटार, मेंडोलिन, कहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), बेस आणि तीन गळे. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात अशा जोडणीचे कितीतरी बँड आहेत. पाच-सहा वर्षं एकत्र वाजवलं की नवीन गाणं बांधायला बसताना हात आपोआप त्याच कॉर्डवर जातो. तोच स्ट्रमिंगचा ठेका, दुसऱ्या कडव्यानंतर तोच टिपेचा कोरस. मग कुणीतरी सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, घेऊन येतं.

आमच्याकडे तो मी आणला. लहानपणी पेटी शिकले होते, त्यामुळे पट्ट्यांवर बसायचं काम माझ्याकडेच आलं. पहिल्या महिन्यात मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. गाणं होतं तसंच ठेवलं आणि त्यावर पॅडचा, म्हणजे लांब धरलेल्या मऊ सुरांचा, जाड थर ओतला. तालमीच्या खोलीत सगळ्यांच्या अंगावर काटा आला. नंतर एका कॉलेजच्या पटांगणात वाजवलं आणि तिथलं रेकॉर्डिंग घरी ऐकलं, तर शब्द कळत नव्हते, गिटारी चिखलात रुतल्यासारख्या आणि मेंडोलिन गायब. सगळं वाजत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

सिंथ आणायचा तर गाण्यातून आधी काहीतरी काढावं लागतं. पुढे क्रमाने लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीचं सविस्तर रूप आहे.

आधी दोन बँड नीट ऐका

या वाटेवरून गेलेले दोन बँड मला फार शिकवून गेले.

पहिला लंडनचा ममफर्ड अँड सन्स. बँजो, डबल बेस, गिटार वाजवता वाजवता पायाने किक ड्रम मारणारा गायक, ही त्यांची ओळख. 'बेबल' या २०१२ च्या अल्बमला पुढच्या वर्षी 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. त्यानंतर २०१५ च्या 'वाइल्डर माइंड'मध्ये बँजो बाजूला ठेवला गेला, बँजोवादकाने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, पूर्ण ड्रमकिट आलं, सिंथ आले. २०१८ च्या 'डेल्टा'मध्ये बँजो परतला, पण वेगळ्या कामावर. माझ्या मते २०१५ मध्ये बँजो काढला हे चुकलं नाही. रिकामी झालेली जागा त्यांनी इतर कुठल्याही रॉक बँडकडे असतात तशाच आवाजांनी भरली, तिथे गणित चुकलं.

(आपल्याकडे 'बेंजो' म्हटलं की बटणांचा बुलबुलतरंग डोळ्यांसमोर येतो, ते वाद्य निराळं. पण मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड कधीच आपलेसे केले आहेत. तारेचं वाद्य आणि इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र नांदणं आपल्या कानांना मुळीच परकं नाही, हे लक्षात ठेवलं की बरीच भीती कमी होते.)

दुसरा बॉन इव्हेअर. जस्टिन व्हर्नन याने विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये, २००६-०७ च्या हिवाळ्यात, गिटार आणि स्वतःच्या आवाजाचे थर यांवर पहिला अल्बम बराचसा उभा केला. २००९ च्या चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डमध्ये शेवटचं गाणं आलं ते केवळ ऑटोट्यून केलेल्या गळ्याचं, एकावर एक रचलेलं. २०११ मध्ये सिंथ उघडपणे आले आणि २०१६ च्या '२२, अ मिलियन'मध्ये तर गाणी तोडून, कापून, नव्याने जोडल्यासारखी झाली. पहिल्या अल्बमपासून तिथवर नऊ वर्षं गेली आणि बदलाची सुरुवात झाली ती गळ्यापासून. त्यामुळे सगळं बदललं तरी माणूस तोच आहे हे पहिल्या ओळीत कळतं.

हे अल्बम ओळीने ऐका आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: आधीच्या अल्बममधलं कोणतं वाद्य इथे नाही, आणि त्याचं काम आता कोण करतंय?

स्वतःच्या बँडची यादी करा

सगळ्यांनी एकत्र बसून, पण प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं: आपल्या आवाजातून काय गेलं तर आपण आपण राहणार नाही? उत्तरं जुळत नाहीत, आणि तेच उपयोगी असतं. आमच्या पाच कागदांवर एकच गोष्ट समान निघाली, तिघांचं एकत्र गाणं. मी मेंडोलिन लिहिलं होतं, खुद्द मेंडोलिनवाल्याने लिहिलं नव्हतं.

जे समान निघेल त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळं वाटाघाटीला खुलं.

इथे एक नाजूक बाब आहे. सिंथ आला की कुणाचं तरी काम जातं. बेसवाल्याचं जातं, नाहीतर दुसऱ्या गिटारवाल्याचं. हे तोंडाने बोलून घ्या, तालमीत हळूहळू कळू देऊ नका. आमचा मेंडोलिनवाला आता अर्ध्या गाण्यांत छोटा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) आणि हाताने ठोकायचं पॅड वाजवतो. त्यासाठी त्याला तीन महिने सवलत दिली, त्या काळात नवीन गाणी मंचावर नेली नाहीत.

एकच गाणं निवडा

सगळ्यात लाडकं गाणं घेऊ नका. ते मोडायला कुणाचाच हात धजावत नाही. मध्यम लयीचं, मिनिटाला ९० ते १०५ ठोक्यांचं, चार-पाच कॉर्डचं आणि शब्दांना महत्त्व असलेलं गाणं घ्या. ते फक्त गळा आणि टाळी यांवर गाऊन बघा. तग धरत असेल तर ते सिंथवरही धरेल.

स्ट्रमिंग काढा, आणि काय काय गेलं ते मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

अकूस्टिक गिटारचं स्ट्रमिंग एकाच वेळी तीन कामं करतं. उजवा हात ठेका चालवतो. डावा हात कॉर्ड धरतो. आणि तारांची झणझण वरच्या पट्टीत, साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे, सतत एक चमक पसरवत राहते. शिवाय गिटारच्या पोटाचा घुमारा १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो वेगळाच. वरून पॅड घातलं की ही सगळी जागा आधीच व्यापलेली असते आणि पॅड त्या गर्दीत शिरतं. आमच्या त्या पटांगणातल्या कार्यक्रमात नेमकं हेच झालं.

म्हणून दोन्ही गिटारी खाली ठेवा आणि गाणं चालू करा. पोकळी जाणवेल. आता तीन कामं तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाटा.

ठेका छोट्या, तुटक सिंथ-स्वरांना द्या. गिटारवर आपण बोटांनी जे पिकिंग करतो, त्याचीच ही सावली. कॉर्ड पॅडला द्या, पण अर्धीच. त्याचं कारण पुढे येतं. आणि चमक कुणालाच देऊ नका. ती जागा मोकळी सोडा. 'स', 'श', 'च' यांचा सळसळता भाग त्याच पट्टीत असतो, त्यामुळे झणझण गेली की गाण्याचे शब्द एकदम पुढे येतात. आमच्या जुन्या श्रोत्यांनी नव्या रूपावर पहिली प्रतिक्रिया दिली ती सिंथबद्दल नव्हती. या गाण्याचे शब्द आत्ता पहिल्यांदा नीट कळले, असं ते म्हणाले.

मग एक गिटार परत आणा. फक्त कोरसला, नाहीतर फक्त शेवटच्या कडव्याला. तीन मिनिटं लाकडाचा आवाज नव्हता आणि मग तो आला, तर काय होतं ते एकदा अनुभवाच.

कोणता सिंथ

लॅपटॉप असेल तर आधी पैसे खर्च करू नका. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ मोफत मिळतात आणि कार्यक्रमात वापरण्याइतके चांगले आहेत. सोबत ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधला सिंथ वाजवायच्या नुसत्या पट्ट्या) आणि ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर नेणारी डबी) घ्या. बऱ्याच मिडी कीबोर्डसोबत एबल्टन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरची लाइट आवृत्ती येते, ती सुरुवातीला पुरते.

लॅपटॉपवर वाजवताना एक आकडा सांभाळायचा, बफरचा, म्हणजे बाहेर पाठवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा साठवतो त्याचा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर, आणि ५१२ चा बफर म्हणजे १०.७. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ५१२ वर ठेवलात तर स्वतःचाच सिंथ साडेतीन मीटरहून लांब उभा असल्यासारखा वाटणार, वर इंटरफेसचा उशीर वेगळा. पॅडला चालतं, तुटक ठेक्याला मुळीच चालत नाही.

पुढे वेगळं वाद्य घ्यायचंच झालं तर प्रत्येक कामाला स्वतंत्र खटका किंवा गोल बटण असलेलं घ्या. मेनूत शिरून आवाज बदलायचा असला की मंचावर कुणी तो बदलत नाही. कॉर्ग मिनीलॉगसारखं चार स्वरांचं वाद्य शिकायला उत्तम, मात्र चारच स्वर एका वेळी वाजतात. लांब रिलीज (बोट उचलल्यावर स्वर रेंगाळण्याचा वेळ) ठेवून पाचवी पट्टी दाबली की आधीचा एक स्वर मध्येच तुटतो. १९८४ च्या रोलँड जुनो-१०६ चा मोह मलाही होता. पण त्याच्या आवाजाच्या चिप निकामी होणं हा नेहमीचा आजार आहे, आणि दुरुस्त करणारा माणूस गावात नसेल तर ते कपाटातच राहतं.

पेटीवाल्यांसाठी सिंथची ओळख

पेटी येत असेल तर सिंथ अर्धा आलाच. पेटीत पितळी सूर कंप पावतो, तो सिंथचा ऑसिलेटर. त्याला करवती लहर दिली तर आवाज भरीव आणि धारदार, चौकोनी दिली तर बासरी-क्लॅरिनेटच्या वळणाचा पोकळ, साइन दिली तर नुसता गोल.

फिल्टर समजायला गणपतीतला मांडव आठवा. मांडवासमोर उभं राहिलं तर सगळं ऐकू येतं. पलीकडच्या गल्लीत गेलं की झांजा, शब्द विरतात आणि फक्त धम-धम उरते. लो-पास फिल्टरचं कटऑफ बटण खाली आणणं म्हणजे मांडवापासून लांब जाणं.

आणि एन्व्हलप म्हणजे भाता. अटॅक म्हणजे हवा भरून सूर उमलायला लागणारा वेळ, डिके म्हणजे पहिल्या जोरानंतर आवाज खाली उतरायला लागणारा वेळ, सस्टेन म्हणजे धरलेला दाब, रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर उरलेली हवा. फरक एवढाच की पेटीचा भाता आपल्या डाव्या हातात असतो, त्यामुळे धरलेला सूरही श्वास घेतो. सिंथचं पॅड श्वास घेत नाही. म्हणून मी एक्स्प्रेशन पेडल लावते आणि गायक श्वास घेतो तिथे पाय किंचित वर आणते. ज्या दिवशी हे पेडल आलं त्या दिवशी आमचा सिंथ बँडमध्ये बसला असं म्हणायला हरकत नाही.

तीन आवाज स्वतः बनवा

सिंथमध्ये शेकड्यांनी तयार आवाज असतात आणि एकट्याने ऐकताना सगळे भव्य वाटतात. ते विकण्यासाठी बनवलेले असतात, पाचजणांत बसण्यासाठी नव्हे. 'इनिट' नावाचा कोरा आवाज उघडा आणि हे तीन बांधा.

खर्ज: एकच ऑसिलेटर, चौकोनी किंवा करवती, एक सप्तक खाली. मोनो मोड, म्हणजे एका वेळी एकच स्वर. कटऑफ ३०० हर्ट्झच्या आसपास, अटॅक शून्याजवळ, डिके ३०० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आत. ग्लाइड ४०-५० मिलिसेकंद ठेवलं तर एका स्वरावरून दुसऱ्यावर छोटीशी मींड येते. शेवटी थोडं सॅच्युरेशन द्या. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही. सॅच्युरेशनमुळे वरचे उपस्वर तयार होतात आणि फोनवर ऐकणाऱ्यालाही खर्जाची चाल कळते.

तुटक स्वर, म्हणजे पिकिंगची जागा घेणारा: त्रिकोणी किंवा चौकोनी लहर, सस्टेन शून्य, डिके १५० ते २५० मिलिसेकंद. त्याच मापाचं एन्व्हलप फिल्टरलाही द्या आणि पट्टी जोरात दाबली की कटऑफ उघडेल असं जोडा. बोटांच्या वजनाचा फरक ऐकू आला नाही तर तो यंत्राचा ठेका होतो. यावर डिले (प्रतिध्वनी) लावायचा तर वेळ मोजून. ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ९६ ची लय असेल तर ६२५. पाऊण मात्रेचा डिले हवा तर त्याचा पाऊण भाग, म्हणजे ४६९.

पॅड: दोन करवती ऑसिलेटर, एकमेकांपासून पाच-सहा सेंट सरकवलेले (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). कटऑफ १ किलोहर्ट्झच्या आत. अटॅक अर्धा सेकंद, रिलीज दीड ते दोन सेकंद. कटऑफवर अगदी संथ एलएफओ, म्हणजे ते बटण आपोआप वर-खाली फिरवणारी लहर, एका फेरीला सात-आठ सेकंद लागतील असा. आणि २०० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापून टाका. एकट्याने ऐकताना ते पातळ, गरीब वाटेल. तसंच राहू द्या.

पॅडमधून गंधार काढा

आता कॉर्ड अर्धीच का, ते.

तिघं एकत्र गाताना कॉर्डचा गंधार, म्हणजे मूळ स्वरापासूनचा तिसरा स्वर, गाणारा माणूस नकळत तो शुद्ध, नैसर्गिक जागी लावतो. षड्जापासून तो ३८६ सेंटवर असतो. सिंथचा गंधार समान विभागणीचा, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून मिळणारा, ४०० सेंटवर. १४ सेंटचा फरक. गिटारवरही तो असतोच, पण गिटारचा स्वर लगेच विरतो. पॅडचा स्वर कितीतरी वेळ तसाच उभा राहतो आणि गळ्याशी घासत राहतो. गाणाऱ्याला वाटतं आपणच बेसूर. आमची एक गायिका सलग दोन तालमी हिरमुसून घरी गेली, आणि चूक माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची होती.

तानपुऱ्यात सा आणि प का छेडतात, ते इथे कामाला येतं. पॅडमध्ये फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम धरा. गंधार गळ्यांना सोडा. कॉर्ड मोठी की छोटी, हे गाण्याच्या आवाजातून कळू द्या. पॅडमधला सरकवलेपणाही गळे एकत्र आले की कमी करा.

षड्ज धरून ठेवणाऱ्या आपल्या संगीताला सिंथ किती मानवतो, याचा दाखला मुंबईतच आहे. चरणजित सिंग या वादकाने १९८२ मध्ये रोलँडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेला रेकॉर्ड काढला. तुमच्या वळणाचं ते मुळीच नाही, पण न बदलणाऱ्या आधारस्वरावर फिरता खर्ज कसा चालतो हे ऐकायला जरूर घ्या.

सुराचीच आणखी एक तपासणी. बँडमध्ये पेटी असेल तर तिचं 'मध्य सप्तकातलं धैवत ४४० ला आहे का' हे ट्यूनरवर बघा, पांढरी एक षड्ज मानून. जुन्या पेट्या वर-खाली असतात. पेटी हलवता येत नाही, सिंथचं मास्टर ट्यूनिंग हलवता येतं. आणि गिटारवाला कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावतो हे विसरू नका. तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून त्याने जी धरला की गाणं काळी पाचमध्ये आहे. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण वापरण्यापेक्षा ती पट्टी हातात बसवा. मंचावर ट्रान्सपोज तसंच राहून गेलं की पुढच्या गाण्याची पहिली ओळ सगळ्यांच्या लक्षात राहते.

खाली एकानेच राहायचं

बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला, गिटारची ८२ ला. सिंथचा खर्ज, बेस गिटार आणि इलेक्ट्रॉनिक किक तिघंही त्याच तळघरात राहायला आले की कुणालाच जागा उरत नाही. गाण्यागणिक ठरवा. सिंथचा खर्ज असेल तर बेसवाला एक सप्तक वर जाऊन छोटी धून वाजवेल, किंवा तो खर्ज स्वतःच वाजवेल. मला दुसरं आवडतं, कारण बेसवाल्याला स्वर कधी सोडायचा हे पट्टीवाल्यांपेक्षा जास्त कळतं.

कहोन मात्र काढू नका. किक मशिनची घ्या, पण बोटांचे बारीक, हलके आघात कहोनचेच असू देत.

लय: क्लिक आला की गाणं आखडतं, त्यावर उपाय

लोकवळणाचे बँड कोरसला पुढे सरकतात. ते दोष म्हणून नव्हे, गाणं तसं श्वास घेतं म्हणून. सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर ठरल्या लयीत आपोआप वाजवणारं यंत्र) आणि लय दाखवणारी त्याची टिक-टिक, म्हणजे क्लिक, आली की सगळं एका आकड्याला बांधलं जातं आणि मग आपलंच गाणं कुणीतरी इस्त्री केल्यासारखं वाटतं.

यासाठी जुन्या, चांगल्या रंगलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढा. टॅप टेम्पोच्या ॲपवर कडवं, कोरस, मधला भाग यांची लय वेगवेगळी मोजा. आमच्या एका गाण्यात कडवं ९२, कोरस ९५ आणि शेवटचा कोरस ९७ निघाला. तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोच्या नकाशात भरा. आता क्लिकच तुमच्यासारखा चालेल.

क्लिक फक्त कहोनवाल्याच्या कानात द्या. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून वाजवायचं, जसं आधी वाजवत होते. आणि ज्या गाण्यात सिक्वेन्सर नसला तरी चालेल तिथे तो ठेवूच नका. तुटक स्वर हाताने वाजवता येतात. सराव लागतो, पण चार आठवड्यांचा.

स्वतःच्याच वाद्यांचे सॅम्पल

ममफर्डबद्दल वर जे म्हटलं, त्यावरचा माझा उपाय हा आहे. रिकामी जागा दुसऱ्याच्या आवाजाने भरायची नसेल तर कच्चा माल घरचा हवा.

शांत खोलीत, पंखा बंद करून, मेंडोलिनचा एक स्वर छेडा आणि पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करा. तुणतुण्याची एक तार. पेटीचा खर्ज, भात्याच्या खरखरीसकट. गिटारच्या पोटावर तळव्याची थाप. तिघांचा 'आ', प्रत्येकी दहा सेकंद. डीसेंट सॅम्पलर मोफत आहे, एबल्टनमध्येही साधा सॅम्पलर असतो. सुरुवात नेमकी कापा, मूळ स्वर कोणता ते नोंदवा आणि पट्ट्यांवर पसरवा.

आता दोन सप्तकं खाली वाजवा. साध्या सॅम्पलरमध्ये एक सप्तक उतरलं की स्वर दुप्पट लांबतो, दोन उतरलं की चौपट. मेंडोलिनचा तो टणत्कार खाली एखाद्या दूरच्या घंटेसारखा उघडतो. तुणतुण्याची तार उलटी वाजवली की कोरसच्या आधीची उसळी मिळते. तिघांच्या 'आ'चं पॅड तर कुठल्याच दुकानात मिळणार नाही. आमच्या नव्या गाण्यांतले निम्म्याहून जास्त आवाज असे आलेले आहेत, आणि मेंडोलिनवाला त्या ठोकायच्या पॅडवर जो सॅम्पल वाजवतो तो त्याच्याच वाद्याचा आहे.

मंचावर

इथे तांत्रिक कटकट जास्त आणि सांगण्यासारखं थोडं, म्हणून भराभर.

साउंडवाल्यांना आधी फोन करून सांगा की सिंथ आहे, दोन डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणाऱ्या डब्या) लागतील. मोठ्या मैदानावरसुद्धा बऱ्याचदा सगळं मोनोच, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, जातं. कोरस इफेक्टचं रुंद पॅड मोनोत अर्धं विरघळतं, म्हणून घरी मोनो करूनच आवाज तपासा. स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची भुणभुण आली तर लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर बघा. थांबली तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू किंवा काढू नका, हातात तारेचं वाद्य आणि तोंडाशी माइक असताना ते जिवावर बेतू शकतं.

अॅनालॉग सिंथ सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग सूर तपासा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. प्रत्येक आवाजाची पातळी घरी सारखी करून जा. पॅडवरून तुटक आवाजावर गेलं आणि लोकांनी कानावर हात ठेवले, असं होऊ नये. लॅपटॉपचं वायफाय आणि अपडेट बंद.

आणि वीज जाते. गावच्या जत्रेत जाते, शहरातही जाते. नव्या प्रत्येक गाण्याचं विनासिंथ रूप तयार असलं पाहिजे, कुणी कोणत्या ओळीला गिटार उचलायची इथपर्यंत ठरलेलं. आमच्यावर हे एकदा आलं, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर. कहोन थांबला नाही, गळे थांबले नाहीत, दोन ओळींनी गिटार आली.

जुने श्रोते

पहिल्या कार्यक्रमात दहापैकी तीनच गाणी नवी ठेवा. सलग तीन नकोत, आणि सुरुवातीलाही नकोत. दोन जुन्या गाण्यांनंतर एक नवं, मग पुन्हा ओळखीचं. ज्या जुन्या गाण्यावर लोक स्वतः गातात त्याला वर्षभर तरी हात लावू नका.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दोन ठिकाणचं घ्या: मिक्सरवरून एक, आणि श्रोत्यांमध्ये मागच्या रांगेत ठेवलेल्या साध्या फोनवर एक. मिक्सरवरचं खोटं बोलतं, फोनवरचं नाही. ते त्याच रात्री ऐकू नका. दोन दिवसांनी, गाणं माहीत नसलेल्या माणसाला सोबत बसवून ऐका आणि त्याला ऐकू आलेले शब्द कागदावर लिहायला सांगा. ज्या ओळीला त्याची पेन्सिल थांबेल, तिथे पॅडचा कटऑफ खाली आणा. तरीही थांबली तर पॅडच काढा.